पाश्चात्त्य म्हणजे नेमके कुठले?

ठाण्याहून सह्याद्री गाठायचा तर पूर्वेकडे निघावं लागतं. कसाऱ्याची लोकल धरा, नाहीतर कल्याणवरून माळशेजची वाट धरा, डोंगर उगवतीलाच लागतो. भूगोलाच्या पुस्तकात मात्र त्याच रांगेचं नाव पश्चिम घाट. पुणे, सातारा, सांगली, कोल्हापूर म्हणजे पश्चिम महाराष्ट्र, आणि तोही ठाण्याच्या पूर्वेला, नेमकं सांगायचं तर आग्नेयेला. उलट साष्टी, ठाणे, वसई या पट्ट्यातले मराठी बोलणारे ख्रिस्ती भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर शतकानुशतकं राहतात आणि त्यांच्या समाजाचं नाव आहे ईस्ट इंडियन. गोवा-मंगळुरातून आलेल्या ख्रिस्ती लोकांहून आपली ओळख वेगळी राहावी म्हणून 1887 साली, व्हिक्टोरिया राणीच्या सुवर्णमहोत्सवाच्या वर्षी, त्यांनी ते नाव घेतलं. त्यातला 'ईस्ट' ईस्ट इंडिया कंपनीतला.

यातलं एकही नाव चुकीचं नाही. दिशेच्या नावात बघणारा कुठे उभा आहे हे दडलेलं असतं, आणि नाव पडून गेल्यावर तो बघणारा विसरला जातो. 'पाश्चात्त्य' या शब्दाचंही हेच झालंय. पाश्चात्त्य संगीत, पाश्चात्त्य कपडे, पाश्चात्त्य देश, पाश्चात्त्य विचार असं आपण सर्रास बोलतो. पण हे 'पाश्चात्त्य' कुणाच्या मागे, कुणाच्या पश्चिमेला, आणि त्यात नेमकं कोण येतं, हे विचारलं की उत्तर अडतं. म्हणून आधी शब्द उकलून पाहू.

मागचा तो पश्चिमेचा

संस्कृतातली दिशांची नावं उगवत्या सूर्याकडे तोंड करून उभ्या राहिलेल्या माणसाच्या अंगावरून पडली आहेत. समोरची ती पूर्व. पूर्व म्हणजे आधीचं, पुढचं. उजव्या हाताची ती दक्षिण. देवाला उजव्या हाताला ठेवून फिरतो म्हणून प्रदक्षिणा. आणि पाठीमागची ती पश्चिम. तिच्या मुळाशी पश्चात् हे अव्यय आहे: मागे, नंतर. पश्चात्ताप म्हणजे मागाहून होणारा ताप. संस्कृतात 'पश्चिम' याचा अर्थ 'शेवटचा' असाही होतो. पश्चिम वय म्हणजे उतारवय.

या पश्चात् ला 'तिथला, तिकडचा' अशा अर्थाचा त्य हा प्रत्यय लागतो आणि पाश्चात्त्य तयार होतो. पाणिनीनं यासाठी एक सूत्रच दिलं आहे: दक्षिणापश्चात्पुरसस्त्यक्. एका ओळीत तीन शब्दांची सोय. दक्षिणा पासून दाक्षिणात्य, पश्चात् पासून पाश्चात्त्य, पुरस् (समोर) पासून पौरस्त्य. सूत्रातल्या त्यक् मधला क् उच्चारायचा नसतो. पहिल्या स्वराची वृद्धी करा, एवढं सांगून तो गळून पडतो. त्यामुळे द चा दा, प चा पा, पु चा पौ होतो.

आता लिहिताना सगळ्यात जास्त घसरतो तो भाग. पश्चात् च्या शेवटी त् आहे आणि प्रत्ययाच्या सुरुवातीलाही त् आहे, म्हणून काटेकोर लेखनात दोन त येतात: पाश्चात्त्य. दाक्षिणात्य मध्ये मूळ शब्द दक्षिणा, त्याच्या शेवटी त् नाही, म्हणून तिथे एकच त. अमात्य मध्येही एकच, कारण अमा (जवळ, सोबत) अधिक त्य. राजाच्या जवळचा तो अमात्य. लक्षात ठेवायला सोपी खूण अशी की पश्चात्तापात दोन त लिहीत असाल तर पाश्चात्त्य मध्येही दोन लिहा. दोन्हीकडे तोच पश्चात् आहे. छापील मजकुरात एका त चं 'पाश्चात्य' खूप दिसतं आणि उच्चारात फरक जवळजवळ कळत नाही. तरी एका लेखात दोन्ही रूपं मिसळू नयेत, आणि परीक्षेच्या पेपरात दोन त लिहिलेले बरे.

मग 'पाश्चिमात्य' आणि 'पौर्वात्य' कुठून आले? दाक्षिणात्यच्या चालीवर. कानाला दाक्षिण-आत्य असं ऐकू आलं, म्हणून पाश्चिम-आत्य आणि पौर्व-आत्य घडले. व्याकरणाच्या वाटेनं ते निघत नाहीत. पण दोन्ही शब्द मराठीत पक्के रुजलेत. पौरस्त्य म्हटलं तर अनेकांना थबकावं लागेल, पौर्वात्य लगेच कळतो. आमचं मत असं की बोलताना पाश्चिमात्य म्हणणाऱ्याला अडवू नये, पण लिहिताना पाश्चात्त्य हाताशी असताना दुसऱ्या रूपाची गरज पडत नाही. पूर्वेसाठी प्राच्य हा आणखी एक चांगला जुना शब्द आहे. पुण्याचं भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिर 1917 साली स्थापन झालं, त्याच्या नावात तो आहे. त्याचा जोडीदार प्रतीच्य, म्हणजे पश्चिमेचा, मात्र मराठीतून जवळपास गेला.

मावळतीचा देश

युरोपीय भाषांनी हाच शब्द दुसऱ्या अंगानं बनवला. त्यांनी माणसाची पाठ पाहिली नाही, सूर्य पाहिला. लॅटिनमध्ये ओक्सिदेरे म्हणजे खाली पडणं, मावळणं. त्यावरून ऑक्सिडंट, म्हणजे मावळतीचा प्रदेश. याच्या पोटात कादेरे, पडणं, हा धातू आहे आणि ॲक्सिडेंट मध्येही तोच आहे. ओरिरी म्हणजे उगवणं, त्यावरून ओरिएंट. दिशा ठरवून उभं राहणं म्हणजे ओरिएंटेशन. कॉलेजच्या पहिल्या आठवड्यात ज्या नावाचा कार्यक्रम असतो, त्या शब्दाचा मूळ अर्थ उगवतीकडे तोंड करणं. जर्मन लोकांनी आणखी साधं केलं: आबेंडलांड, संध्याकाळची भूमी.

अरबीतला मग्रिब याच घडणीचा. सूर्य बुडाल्यावर मुंब्र्यात किंवा राबोडीत जी अजान होते, ती मग्रिबच्या नमाजची. आणि मोरोक्को देशाचं अरबी नावही अल-मग्रिब, कारण अरबांच्या जगाचं मावळतीकडचं टोक ते. म्हणजे मोरोक्को हा नावानंच पश्चिम आहे. ही गोष्ट पुढे लागेल.

आणि मराठी? आपणही उगवतीकडे, मावळतीकडे म्हणतोच. सह्याद्रीच्या पूर्व उतारावरच्या खोऱ्यांना मावळ म्हणतात, आणि त्या नावाची व्युत्पत्ती मावळणे या क्रियापदावरून सांगितली जाते. देशावरच्या माणसाला सूर्य तिकडे मावळताना दिसतो. ही व्युत्पत्ती घेतली तर मावळा आणि ऑक्सिडेंटल हे अक्षरशः समानार्थी शब्द ठरतात. मात्र मावळ्याला पाश्चात्त्य म्हणायचं कुणाच्या मनात येणार नाही. शब्दाची घडण आणि शब्दाचा वापर या किती वेगळ्या गोष्टी आहेत, ते इथे दिसतं.

आणखी मागे गेलं तर कोकण हाच 'पश्चिम' होता. कोकणाचं प्राचीन नाव अपरान्त. अपर म्हणजे मागचा, पश्चिमेचा. अपरान्त म्हणजे पश्चिमेचं टोक. त्याचं मोठं बंदर शूर्पारक, आजचं नालासोपारा. 2014 मध्ये पालघर जिल्हा वेगळा होईपर्यंत ते ठाणे जिल्ह्यातच होतं, आणि अशोकाच्या शिलालेखांचे तुकडे तिथे सापडले आहेत. पाटलीपुत्रात बसलेल्या माणसाला आपलाच किनारा मावळतीचा शेवट वाटत होता. चिनी बौद्धांना तर सगळा भारतच पश्चिम; सातव्या शतकात इथे आलेल्या ह्युएन त्संगाच्या प्रवासवृत्ताच्या चिनी नावात 'पश्चिमेचे प्रदेश' असाच उल्लेख आहे.

पाश्चात्त्य हा शब्द येण्याआधी

युरोपातल्या लोकांसाठी मराठीत पूर्वी पाश्चात्त्य हा शब्द नव्हता. जे शब्द होते ते अधिक नेमके होते.

सगळ्यात जुना यवन. आजच्या तुर्कस्तानच्या पश्चिम किनाऱ्यावरचा आयोनिया हा ग्रीकांचा प्रदेश, त्यावरून यवन. कार्ल्याच्या लेण्यात खांबांसाठी दान देणाऱ्या यवनांची नावं कोरलेली आहेत. पुढे अर्थ सरकत गेला आणि मध्ययुगात यवन म्हणजे मुसलमान असा वापर रूढ झाला. म्हणून जुन्या मजकुरात यवन दिसला की आधी काळ बघावा, मग अर्थ लावावा.

फिरंगीचा प्रवास सगळ्यात लांबचा. फ्रँक ही जर्मानिक जमात. फ्रान्स हे नाव तिच्यावरूनच आलं. अरबांनी पश्चिम युरोपातल्या सगळ्यांनाच त्या नावानं हाक मारली, फारसीत फरंगी झालं, आणि आपल्याकडे फिरंगी. मराठी कागदपत्रांत मात्र फिरंगी म्हणजे सरसकट गोरा माणूस नव्हे, प्रामुख्यानं पोर्तुगीज. ठाणे, साष्टी, वसई हा त्यांचा मुलूख म्हणजे फिरंगाण. मराठ्यांनी 1737 मध्ये ठाणं घेतलं, 1739 मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली, आणि ते फिरंगाण संपलं. मासुंदा तलावाकाठचं सेंट जॉन बाप्टिस्ट चर्च ही त्या काळाची खूण. फिरंग म्हणजे युरोपी पात्याची तलवारही. सोळाव्या शतकातल्या भावप्रकाश या आयुर्वेदाच्या ग्रंथात उपदंशाला (सिफिलिस) फिरंगरोग म्हटलं आहे, कारण तो रोग त्या लोकांबरोबर आला. हाच शब्द पूर्वेकडे थायलंडपर्यंत गेला. तिथे गोऱ्या परदेशी माणसाला फरांग म्हणतात, आणि पेरूलाही.

शिवकालानंतरच्या आज्ञापत्रात रामचंद्रपंत अमात्यांनी फिरंगी, इंग्रज, वलंदेज (डच), फरांसिस आणि डिंगमार (डॅनिश) अशी एकेकाची वेगळी नोंद घेतली आहे, आणि सगळ्यांना मिळून टोपीकर म्हटलं आहे. हे बारकाईनं पाहण्यासारखं आहे. समोरच्या पाच राष्ट्रांची पाच नावं माहीत असणं आणि एकत्र बोलायचं तेव्हा दिसणारी खूण वापरणं, एवढ्यावर काम भागत होतं. एका संस्कृतीचा एक गठ्ठा अशी कल्पना त्यात नाही.

विलायत मूळ अरबी. अर्थ अंमल, प्रांत. मुघल काळात उत्तर हिंदुस्थानात विलायत म्हणजे राज्यकर्त्यांचा मूळ मुलूख, इराण-तुराणकडचा (तुराण म्हणजे मध्य आशिया). राज्यकर्ते बदलले तशी विलायत इंग्लंडला जाऊन बसली. ब्रिटिश सैनिकांनी विलायती हा शब्द उचलून आपल्या घराला ब्लायटी म्हणायला सुरुवात केली. आणि 'बाहेरून आलेलं ते विलायती' या न्यायानं विलायती चिंच हे नाव पडलं. ते झाड मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतलं, इंग्लंडच्या थंडीत ते तगणारही नाही.

मग नेमके देश कोणते?

नकाशा काढून बसलो तरी उत्तर मिळत नाही. ठाणे साधारण 73 अंश पूर्व रेखांशावर आहे. पॅरिस 2 अंशांहून थोडं जास्त, पण पूर्वच. मोरोक्कोची राजधानी रबात जवळजवळ 7 अंश पश्चिमेला, म्हणजे लंडन आणि पॅरिस दोन्हींच्या पलीकडे. तरी पॅरिस पाश्चात्त्य आणि नावानंच 'पश्चिम' असलेला मोरोक्को पाश्चात्त्य नाही. सिडनी 151 अंश पूर्वेला, ठाण्याच्या कितीतरी पूर्वेकडे, पण ऑस्ट्रेलिया पाश्चात्त्य. शून्य रेखांश ग्रिनिचमधून जातो हेही 1884 साली वॉशिंग्टनच्या परिषदेत ठरलं. भारतीय ज्योतिषात शून्याची रेषा उज्जयिनीवरून जात असे. त्या हिशेबानं ठाणे जेमतेम 3 अंश पश्चिमेला येतं.

म्हणजे या शब्दाचा अर्थ भूगोलात सापडत नाही, इतिहासात सापडतो. आणि तिथे एकमेकांवर चढलेले तीन थर आहेत. पहिला थर धर्माचा: रोमन साम्राज्य 395 मध्ये पूर्व आणि पश्चिम असं कायमचं विभागलं गेलं, पुढे 1054 मध्ये रोमचं आणि कॉन्स्टँटिनोपलचं चर्च एकमेकांपासून तुटलं. रोमकडचा तो पश्चिम. दुसरा थर वसाहतींचा: अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड इथे युरोपातून जाऊन लोक वसले, म्हणून ते देश त्यात आले. तिसरा थर शीतयुद्धाचा, आणि वर्तमानपत्रातला 'पाश्चिमात्य राष्ट्रे' हा शब्दप्रयोग मुख्यतः या थरातला. अमेरिकेच्या बाजूचे ते पश्चिम. तुर्कस्तान आणि ग्रीस 1952 मध्ये नाटोत आले आणि लष्करी अर्थानं पश्चिम झाले. पश्चिम बर्लिन चहूबाजूंनी पूर्व जर्मनीनं वेढलेलं होतं, तरी पश्चिम.

गोंधळ होतो तो तीन थर वेगळे न केल्यामुळे. ग्रीस घ्या. पाश्चात्त्य तत्त्वज्ञानाचा उगम म्हणून ग्रीस आत, चर्चच्या फाळणीत पूर्वेकडे, नाटोत पुन्हा आत. जपान श्रीमंत राष्ट्रांच्या जी-7 गटात आहे, अमेरिकेचा मित्र आहे, पण सांस्कृतिक अर्थानं त्याला कुणी पाश्चात्त्य म्हणत नाही. ब्राझील आणि मेक्सिको भाषेनं, धर्मानं युरोपशी जोडलेले आहेत आणि तरी यादीत धरायचे की नाही यावर एकमत नाही. म्हणून 'पाश्चात्त्य देशांत असं असतं' या वाक्यापाशी थांबून देशाचं नाव घालून पाहावं. 'पाश्चात्त्य देशांत उपचार मोफत असतात' हे ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेबद्दल बरंचसं खरं आहे, अमेरिकेबद्दल नाही. नाव घालताच वाक्य एक तर पक्कं होतं, नाहीतर कोसळतं. अनुवाद करणाऱ्यांनी, निबंध लिहिणाऱ्या मुलांनी आणि व्याख्यानाची टिपणं काढणाऱ्यांनी ही एक सवय लावून घेतली तरी खूप फरक पडेल.

उगम की पद्धत

दुसरी मोठी गफलत म्हणजे वस्तूचा उगम आणि तिची पद्धत यांची सरमिसळ.

बाजाची पेटी पाहा. हार्मोनियम 1840च्या सुमारास पॅरिसमध्ये घडली. 1940 ते 1971 या काळात आकाशवाणीवर तिला बंदी होती. मींड (एका स्वरावरून दुसऱ्या स्वरावर घसरत जाणं) काढता येत नाही, आणि तिचे स्वर आपल्या श्रुतींशी, म्हणजे सूक्ष्म स्वरांशी, जुळत नाहीत, असे आक्षेप होते. आज गडकरी रंगायतनला गाण्याची बैठक असेल तर गायकाच्या बाजूला पेटी असतेच, आणि तिला पाश्चात्त्य वाद्य म्हणून कुणी हटकत नाही. कारण तिच्यावर वाजतो तो राग. व्हायोलिनचंही तसंच, मांडी घालून, भारतीय पद्धतीनं स्वर लावून वाजवलं की ते आपल्या बैठकीतलं. पाश्चात्त्य शास्त्रीय संगीत म्हणताना मात्र शब्द अगदी नेमका बसतो: एकाच वेळी अनेक स्वर जुळवणारी हार्मनी, पाच रेघांवरचं लिखित स्वरलेखन, सप्तकाचे 12 समान भाग. तिथे शब्द पद्धत सांगतो आहे.

खाण्यात हे आणखी स्पष्ट दिसतं. बटाटा आणि मिरची अमेरिका खंडातली, पाव पोर्तुगीजांचा. बटाटा आणि पाव हे शब्दही त्यांचेच. तरी स्टेशनाबाहेरचा वडापाव पाश्चात्त्य नाही. आणि रेल्वेच्या लांब पल्ल्याच्या डब्यात पाश्चात्त्य शैलीचं शौचालय म्हणतात, तेव्हा अर्थ एवढाच की बसायचं खुर्चीसारखं आहे. गुडघे दुखणाऱ्या माणसाला तेवढीच माहिती हवी असते. राम मारुती रोडवरच्या कपड्यांच्या दुकानात 'वेस्टर्न' म्हणजे साडी आणि पंजाबी ड्रेस सोडून उरलेलं. हे वापर बिनचूक आहेत, कारण समोर दोनच पर्याय आहेत आणि शब्द त्यातला एक निवडून देतो.

वैद्यकात हाच शब्द नुकसान करतो. 'पाश्चात्त्य वैद्यक' म्हटलं की ते बाहेरचं, आपल्या अंगाला न मानवणारं, असा सूर सहज लागतो. पण प्लेगची पहिली लस वॉल्डेमार हाफकिन यांनी मुंबईत तयार केली आणि जानेवारी 1897 मध्ये आधी स्वतःलाच टोचून घेतली. जलसंजीवनी, म्हणजे 1 लिटर स्वच्छ पाण्यात 6 सपाट छोटे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, 1971 मध्ये बांगलादेशी निर्वासितांच्या बनगावच्या छावणीत डॉ. दिलीप महालनोबीस यांनी मोठ्या प्रमाणावर वापरून दाखवली. तिथे कॉलऱ्यानं माणसं मरत होती, शिरेतून द्यायचं सलाईन पुरत नव्हतं. याला पाश्चात्त्य म्हणणं चूक आहे. आधुनिक वैद्यक म्हणावं. पद्धत सांगायची असेल तर तपासून सिद्ध झालेलं वैद्यक म्हणावं.

शब्द निवडताना म्हणून एवढं बघावं. नुसती दिशा सांगायची असेल तर पश्चिमेकडचा किंवा पश्चिम: पश्चिम युरोप, पश्चिम किनारा. वाऱ्यांना पश्चिमी वारे म्हणतात, ती भूगोलातली पारिभाषिक संज्ञा आहे. एरवी 'पश्चिमी संस्कृती' हा हिंदीचा ठसा, मराठीत तो खटकतो. लष्करी किंवा राजकीय गट असेल तर नाव घ्यावं: नाटो देश, युरोपीय संघ, अमेरिका आणि तिचे मित्रदेश. कला, तत्त्वज्ञान, संगीत यांची परंपरा सांगायची असेल तर पाश्चात्त्य, तिथे दुसरा शब्द शोधू नये. नवं म्हणायचं असेल तर आधुनिक. आवडत नाही म्हणायचं असेल तर तेच म्हणावं आणि कारण द्यावं.

राहिला एक शब्द, जो बातम्यांमध्ये रोज येतो: मध्यपूर्व. दुबई, रियाध, बगदाद ही शहरं ठाण्याच्या पश्चिमेला आहेत. लंडनहून पाहिलं तरच ती पूर्वेकडे दिसतात. जवळची पूर्व, मधली पूर्व, अतिपूर्व अशी ती मापं युरोपातून घेतलेली. भारत सरकार आपल्या कागदपत्रांत पश्चिम आशिया म्हणतं, आणि मराठी वर्तमानपत्रांनीही तोच वापरावा. नोकरीसाठी तिकडे गेलेल्यांच्या घरात मात्र यातला कुठलाच शब्द चालत नाही. तिथे म्हणतात, मुलगा गल्फला आहे, किंवा आखातात आहे. आखात म्हणजे जमिनीत घुसलेला समुद्राचा फाटा, आणि तो वाशीहून पाहिला काय किंवा लंडनहून पाहिला काय, आखातच असतो.